यिनहुआ : एका दुर्मिळ नांवाची हकीकत

आपल्या घरीं मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवसापर्यंत सर्वांच्या तोंडीं एकच विषय असतो, आणि तो म्हणजे नांव काय ठेवावयाचें. आजोबांचें नांव पुढें चालावें असें आजीस वाटतें, पंचांग एखादें आद्याक्षर सुचवितें, आईनें आपल्या मनाशीं एक नांव योजून ठेविलेलें असतें, आणि अखेर पाळण्यापाशीं तें मुलाच्या कानांत सांगण्याचा मान असतो आत्याचा. आमच्या विष्णुपुरीस गोदावरीच्या कांठीं वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळें डॉक्टरांचीं बिऱ्हाडें येथें पुष्कळ. बारशाच्या निमित्तानें नव्या नांवांची चर्चा अशा घरांतून निघते, तेव्हां नांवाचा अर्थ सर्वच विचारतात. पण तें कोणीं, कोणत्या प्रसंगीं आणि कोणत्या आशेनें ठेविलें हें सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून एका महाराष्ट्रीय डॉक्टरच्या मुलास दूर चीन देशांत मिळालेल्या नांवाची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. तें नांव म्हणजे यिनहुआ.

हा मुलगा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा. डॉक्टरांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, आणि वैद्यकाचें शिक्षण मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत झालेलें. 1937 सालीं जपाननें चीनवर मोठी स्वारी केली, तेव्हां चिनी सेनापति चू द यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितलें. पुढच्या वर्षीं, सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष असतांना, पांच डॉक्टरांचें पथक निघालें : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि कलकत्त्याचे बसू व मुकर्जी. 1 सप्टेंबर 1938 रोजीं त्यांनीं मुंबईचा किनारा सोडला.

चीनमध्यें या पांचांनाहि चिनी नांवें मिळालीं. तिकडे आडनांव आधीं आणि स्वतःचें नांव मागून, असा क्रम असतो. आडनांवें थोडीं व तीं बहुधा एकाक्षरी असतात. स्वतःचें नांव मात्र एक वा दोन अक्षरांचें, आणि तें घरच्या मंडळींनीं मोठ्या विचारानें जुळविलेलें. चिनी लिपींतील प्रत्येक अक्षरास अर्थ असतो. म्हणून नांव ठेवणें म्हणजे एक अत्यंत लहानसें वाक्य रचण्यासारखेंच आहे. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. यांतील ‘के’ हें चीनमध्यें चालत असलेलें एक आडनांव. ‘दी’ हें फुलें येणाऱ्या एका लहान झाडाचें नांव. चिनी लोकांच्या अतिप्राचीन काव्यसंग्रहांत, ज्यास ते ‘शिचिंग’ म्हणतात, या झाडाच्या फुलोऱ्याशीं भावाभावांच्या प्रेमाची सांगड घातलेली आहे. त्यामुळें पुढें हेंच अक्षर ‘धाकटा भाऊ’ या अर्थानें पत्रांतून लिहूं लागले. राहिलें ‘हुआ’. त्याचा मूळ अर्थ फुलणें, शोभा, तेज. आणि चीन देशाचें स्वतःचें अभिमानाचें नांवहि तेंच.

हें शेवटचें ‘हुआ’ पांचांच्याहि नांवांस जोडलेलें होतें. चिनी घराण्यांत सख्ख्या व चुलत भावांच्या नांवांत एक अक्षर समान ठेवण्याची जुनी चाल आहे, कीं जेणेंकरून नांव ऐकतांच हा कोणत्या पिढीचा तें कळावें. अलाहाबाद, नागपूर, सोलापूर व कलकत्ता येथून आलेले हे पांच गृहस्थ एकमेकांचे ना भाऊ ना नातलग. परंतु एका अक्षरानें ते जणूं एकाच घरचे झाले.

1939 च्या आरंभीं हें पथक येनान येथें पोंचलें. कालांतरानें सोबती परतले, आणि डॉ. बसूंच्यासारखे कांहीं दीर्घकाळ राहिले. कोटणीस तर लढाईच्या आघाडीवरच गेले. चीनमध्यें असतांनाच त्यांना वडील निवर्तल्याची वार्ता कळली. तरी अंगावर घेतलेलें काम त्यांनीं सोडलें नाहीं. 1941 सालीं ते डॉ. बेथ्यून यांच्या नांवें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील परिचर्याशिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्यें त्यांना मुलगा झाला. आजी व आत्या हजारों मैलांवर, मध्यें युद्ध पेटलेलें. अशा स्थितींत बारशाचा मान कोणाचा? तो त्या प्रदेशाचे सेनापति न्ये रोंगचेन यांच्याकडे गेला. त्यांनीं नांव सुचविलें ‘यिनहुआ’. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. बापाचा देश आणि आईचा देश दोन अक्षरांत शेजारीं शेजारीं बसविले.

यांतील ‘यिन’ची कुळकथाहि ऐकण्यासारखी आहे. आपल्या देशास चिनी भाषेंत ‘यिनदू’ म्हणतात. सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग आला. तो महाराष्ट्रांतहि येऊन गेला व दुसऱ्या पुलकेशीच्या प्रजेचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें. आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें हिंदुस्थानच्या जुन्या चिनी नांवांचा विचार करून ‘यिनदू’ हेंच नांव योग्य ठरविलें, आणि त्याचा संबंध संस्कृत ‘इंदु’ म्हणजे चंद्र या शब्दाशीं लाविला. भाषापंडित आज त्याचें मूळ ‘सिंधु’ या शब्दांत पाहतात. पण ह्युएन त्संगाचा अर्थ धरला तर या बाळाच्या नांवांत इंदूहि आला आणि फुलण्याची शोभाहि आली. शिवाय ‘यिन’ या अक्षराचा स्वतंत्र अर्थ ठसा किंवा मुद्रा असा आहे. बौद्ध ग्रंथांचें भाषांतर करतांना ‘मुद्रा’ या संस्कृत शब्दास चिनी पंडितांनीं हेंच अक्षर योजिलें.

येथें आपल्या व त्यांच्या रीतींतील एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. आपण आजोबांचें नांव नातवास ठेवतों तें आदरानें. आणि मग सासऱ्याचें नांव तोंडानें कसें घ्यावें म्हणून सून त्याच मुलास बापू किंवा नाना म्हणून हांक मारते. जुन्या चिनी कुटुंबांत हाच आदर अगदीं उलट वाट घेई : वडिलांच्या नांवांतील अक्षर मुलास ठेवूं नये, उच्चारूं नये, लिहूंहि नये. थांग काळांतील कवि ली ह याच्या वडिलांच्या नांवांतील एका अक्षराचा ध्वनि सर्वोच्च राजपरीक्षेच्या नांवाशीं जुळत होता, एवढ्यावरून त्यानें त्या परीक्षेस बसूं नये असा गिल्ला लोकांनीं केला आणि त्या बिचाऱ्याची ती परीक्षा राहिलीच. त्या रीतीप्रमाणें पाहिलें तर दीहुआच्या मुलाचें नांव यिनहुआ ठेवणें बसत नाहीं. आपल्याकडे मुलाच्या नांवामागें बापाचें नांव लागतें. तसेंच येथें बापाच्या नांवांतील हुआ मुलाच्या नांवांत आलें. त्या घरांत तें अक्षर पित्याचें खाजगी नव्हतें. तो देशाशीं जोडलेला संबंध होता, आणि तो मुलाकडे जावा हीच नांव ठेवणाराची इच्छा होती.

मग हें नांव चीनमध्यें लोकप्रिय झालें काय? काळाबरोबर पसरणारीं नांवें तेथेंहि आहेत. 1949 च्या सुमारास जन्मलेल्या असंख्य मुलांचीं नांवें ‘च्यान्क्वो’, म्हणजे राष्ट्राची उभारणी, अशीं आहेत. 1950 सालीं कोरियाच्या युद्धांत चीन उतरल्यावर ‘य्वानछाव’, म्हणजे कोरियास साहाय्य, हें नांव पुष्कळांस मिळालें. आपल्याकडेहि एका पिढींत जवाहर व सुभाष घरोघर झाले. यिनहुआचें तसें झालें नाहीं. उच्चारानें जवळचीं नांवें चिनी मुलींना असतात, पण तेथें अक्षर ‘रुपें’ व ‘फूल’ या अर्थाचें असतें. हींच दोन अक्षरें आज छापील मजकुरांत दिसलीं तर पुष्कळदा त्यांचा अर्थ इंडोनेशियांतील चिनी समाज असा होतो, कारण त्या देशाच्या नांवाच्या आरंभींहि हेंच ‘यिन’ आहे. हिंदुस्थान आणि चीन या अर्थानें तें नांव शोभावयास आईबाप दोन देशांचे हवेत, आणि तशीं घरें किती असणार? पुष्कळांनीं घ्यावें म्हणून तें रचलेंच नव्हतें. एका मुलासाठीं तें केलेलें होतें.

त्या मुलाच्या भाग्यांत मात्र फार दिवस नव्हते. तो साडेतीन महिन्यांचा असतांना, 9 डिसेंबर 1942 रोजीं, अपस्मारानें डॉ. कोटणीस निवर्तले, वय अवघें 32. छिंगलान यांनीं मुलास वाढविलें. बापाची वाट धरून तो वैद्यक शिकूं लागला, आणि शिक्षण संपत आलें असतांना 1967 सालीं तोहि गेला. दोन देशांमध्यें 1962 चें युद्ध होऊन गेल्याला तेव्हां पांच वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. म्हणजे ज्या दोन अक्षरांना सेनापतींनीं एकत्र बसविलें, त्यांच्यामधील वैर पाहण्याची वेळहि त्या तरुणावर आली. छिंगलान यांनीं मात्र नातें सोडलें नाहीं. त्या अनेकदां हिंदुस्थानांत सासरच्या मंडळींस भेटावयास आल्या, आणि 2012 सालीं त्यांचा अंत झाला. शिच्याच्वांग येथें डॉक्टरांची समाधि आहे. सोलापुरासहि त्यांचें स्मारक आहे.

पित्याचें नांव अशा रीतीनें दगडांत कोरलें गेलें. पुत्राच्या नांवास तसा आधार नाहीं. तें ठेवणारे गेले, हांक मारणारी आईहि गेली. तें टिकावयाचें तर सांगण्यानेंच टिकेल. आपल्या घरच्या नांवांचीहि स्थिति याहून निराळी नाहीं. आजोबांचें नांव नातवास देऊन आपलें कर्तव्य संपत नाहीं. ते आजोबा कोण होते व त्यांनीं काय केलें, हें त्या मुलास जाणत्या वयांत सांगावें लागतें. तेवढें ज्या घरांत होतें, तेथेंच नांव खऱ्या अर्थानें पुढें चालतें.