होडीत बॅटरी कुठे ठेवाल?

बालमित्रांनो, घरी इन्व्हर्टरची बॅटरी आपण कोपऱ्यात ठेवतो नि विसरतो. पण होडीवर तिची जागा चुकली, तर जिवाशी गाठ!

एक प्रयोग करा. बादलीतल्या पाण्यात प्लास्टिकचा डबा तरंगू द्या. तळाशी मधोमध दगड ठेवा, मग तो कडेला सरकवा. डबा कलंडला ना? म्हणून जडशीळ बॅटऱ्या होडीत खाली, मध्याजवळ आणि पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या हव्यात.

शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हा वायू हवेपेक्षा हलका; ठिणगी पडली की भडकतो. म्हणून बॅटरीच्या पेटीला वर झरोका हवा. आणि इन्व्हर्टर? तो बॅटरीच्या डोक्यावर नको. बाजूला, कोरड्या, हवेशीर जागी हवा.

मात्र फार लांबही नको हं! १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२०० वॅट घेताना तारेतून तब्बल १०० अँपिअर प्रवाह वाहतो. बारीक तार तापते, लांब तारेत वीज वाया जाते. म्हणून तार जाड नि आखूड, आणि बॅटरीजवळच फ्यूज.

आता आई-बाबांना घेऊन बघा बरं, तुमच्या घरच्या बॅटरीला मोकळी हवा मिळते का?