घाटावर नारळाचे रोप घेताना जात कशी ओळखावी?



पावसाळा तोंडावर आला की सोलापूर, लातूरकडील आठवडे बाजारांतही नारळाच्या रोपांच्या गाड्या येतात. 'संकरित', 'सिंगापुरी', 'तीन वर्षांत हमखास फळ' असे सांगून रोपे विकली जातात. ज्वारीचे बियाणे फसवे निघाले तर एक हंगाम जातो. माड फसवा निघाला तर ते कळायलाच पाच-सहा वर्षे जातात. म्हणून रोप घेतानाच पारख करावी.

नारळाचे मुख्य प्रकार तीन. उंच जाती ६ ते ८ वर्षांनी फळावर येतात व ८० वर्षांपर्यंत जगतात. बाणवली व तिच्यातून निवडलेली प्रताप या उंच जाती होत. ठेंगू जाती ३ ते ४ वर्षांत फळे देतात, पण त्यांचे आयुष्य कमी असते. ऑरेंज डॉर्फ ही ठेंगू जात शहाळ्यासाठी चांगली. उंच व ठेंगू यांच्या संकरातून टी × डी व डी × टी या जाती मिळतात. 'सिंगापुरी' हे केवळ बाजारी नाव आहे.

पानाचा देठ पाहा. ऑरेंज डॉर्फच्या रोपाचा देठ नारिंगी असतो. विक्रेता ऑरेंज डॉर्फ म्हणतो आणि देठ हिरवा असेल, तर ते रोप त्या जातीचे नाही. ऑरेंज डॉर्फ मादीवर उंच जातीचे परागीकरण करून केलेल्या डी × टी रोपाचा देठ तपकिरी असतो. त्यातील नारिंगी देठाची रोपे संकरित नसतात. ती रोपवाटिकेतच काढून टाकावी लागतात. मात्र बाणवलीच्या रोपांतही हिरवे व तपकिरी देठ आढळतात. त्यामुळे तपकिरी देठ हा एकटा संकराचा पुरावा नव्हे.

नारळाच्या रंगावर जाऊ नका. वाळल्यावर सर्वच नारळांचे सोडण तपकिरी होते. तसेच संकरित माडाचे नारळ रुजवून संकरित रोपे मिळत नाहीत. पुढील पिढीत गुण फुटतात.

मातृवृक्ष विचारा. उंच माडाचा बुंधा जमिनीलगत फुगीर असतो, तर ठेंगू माडाचे खोड बारीक व सरळ असते. मातृवृक्ष कोणता व परागीकरण कोणी केले, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून 'संकरित' म्हणून रोप घेऊ नये.

रोप ९ ते १२ महिन्यांचे, बुंध्याशी सुमारे १० सें.मी. घेराचे व जोमदार असावे. वर्षाच्या रोपाला किमान ६ पाने हवीत. हे निकष जोम दाखवतात, जात नव्हे.

आता हवामान. माडाला किनाऱ्यावरील दमट व वर्षभर उबदार हवा मानवते. घाटावर हिवाळ्यातील थंडी व उन्हाळ्यातील कोरडे वारे यांमुळे वाढ मंदावते आणि लहान फळे गळतात. ठेंगू जातींना पाण्याचा ताण अधिक बाधतो. तेव्हा पाण्याची खात्री नसेल तर बाणवली, प्रतापसारखी उंच जातच निवडावी. बारमाही पाणी, भरपूर सेंद्रिय खत व वाराप्रतिबंधक झाडे असतील तरच संकरित जातीचा विचार करावा.

एका एकरात ७.५ मीटर अंतरावर सुमारे ७० माड बसतात. एवढ्या रोपांसाठी भाट्ये (जि. रत्नागिरी) येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र किंवा नारळ विकास मंडळाचे पालघर येथील प्रक्षेत्र यांच्याकडे आगाऊ मागणी नोंदवावी. इतरत्र घेतल्यास पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे आणि ती पावती माड फळावर येईपर्यंत जपून ठेवावी.