चालते घर

मनुष्य प्रवासास निघतो तेव्हा घर मागे ठेवतो. परंतु घराच्या सवयी मात्र त्याच्याबरोबर चालू लागतात. दुपारी डोक्यावर सावली हवी, रात्री पाठ टेकावयास जागा हवी, तहान लागल्यास हाताशी पाणी हवे. म्हणूनच जेथे जेथे रस्ते झाले, तेथे तेथे वाहनालाच थोडेसे घरपण देण्याची कला निर्माण झाली. या कलेचा आपल्या परिचयाचा जुना नमुना म्हणजे प्रवासी बैलगाडी. तिची हकीकत पनवेलपासून सुरू करणे योग्य होईल.

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. आगगाडी सुरू होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारे पुष्कळ प्रवासी होडीने पनवेलला येत व तेथून खुष्कीच्या मार्गाने खोपोलीस जात. पुढे बोरघाटाची चढण लागे. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून उतरणारा माल आता गाड्यांतून येऊ लागला. घाटातील दगडधोंड्यांनी चाके लवकर झिजत. साहजिकच गाडीची चाके बनविणे हा पनवेलचा एक प्रमुख धंदा होऊन बसला आणि त्या कामासाठी या गावाची ख्याती झाली.

हे चाक दिसावयास साधे, पण त्याची घडण मोठी विचाराची असते. मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर एकमेकांना भिडणारे वाकडे लाकडी पुठे. हे सारे सांधे आवळून धरते ती लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. मग तिच्याभोवती शेण्या रचून पेटवितात. लोखंड तापले की प्रसरण पावते व धाव थोडी मोठी होते. तशीच ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवितात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड निवताच आकसते आणि सर्व सांधे घट्ट आवळले जातात. पुस्तकात वाचलेला प्रसरणाचा नियम सुतार-लोहारांच्या हातांना असा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

मालाची गाडी आणि माणसांची गाडी यांत मात्र फरक असे. माणसे बसावयाची म्हणजे साटीवर प्रथम भाताच्या पेंढ्याचा जाड थर पसरीत. त्यावर घोंगडी व सतरंजी येई. गाडीला कमानी नसत, तेव्हा चाकाला बसणारा धक्का थोडातरी शोषून घ्यावयाचा तो पेंढ्यानेच. शिवाय मुक्कामावर त्याच पेंढ्यातून बैलांना वैरणही देता येई. वर बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर तट्ट्या बांधीत. तट्ट्यांमुळे ऊन अडे, पण वारा खेळता राही. साटीखाली कंदील, पाण्याचे भांडे व वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. एकच वस्तू दोन कामी यावी आणि रिकामी जागा वाया जाऊ नये, असा हा हिशेब होता.

परंतु गाडी सजविण्यापेक्षा ती भरणे अधिक अवघड. गाडीचा कणा हा जणू तराजूचा टेकू आहे. ओझे मागे अधिक झाले तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातील पट्टे आवळतात. ओझे पुढे अधिक झाले तर जू त्यांच्या मानेवर दाबते. म्हणून जाणता गाडीवान जड पेटी कण्याच्या जवळ ठेववी आणि हलक्या गाठोड्यांना कडेस जागा देई. तरीही उतारावर सारा भार पुढे येतोच. अशा वेळी धडधाकट माणसांनी खाली उतरून चालावे आणि म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया तेवढ्या गाडीत राहाव्यात, अशी रीत होती. ज्याने पेंढ्याची मऊ बैठक केली, त्यालाच ती सोडून तापलेल्या रस्त्यावर पाय ठेवावे लागत. यात कोणी कमीपणा मानीत नसे. कारण आपल्या आरामाचे ओझे कोणाच्या मानेवर पडते, हे समोर डोळ्यांना दिसत असे.

घाटाखाली खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेले महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण तलाव आहे. चढण चढण्यापूर्वी माणसे आणि बैल या दोघांनाही विसावा मिळावा, ही सोयसुद्धा प्रवासाच्या सुखाचाच एक भाग होती.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेल्यामुळे पनवेलची जुनी वर्दळ ओसरली. पुढे मोटारी आल्या. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पनवेल पुन्हा मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आले. आता चालते घरही मोटारीवर बसले आहे. लहान ट्रकच्या मागील हौद्यात एक छोटी खोली बसवितात. तिचे छत वर उचलता येते व खाली बसविता येते. मुक्कामावर छत उचलले की कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत माणसाला सरळ उभे राहता येते. प्रवासात मात्र छत खालीच ठेवतात; कारण उंच वाहनाला वारा अधिक अडतो आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर ते कलण्याची भीती असते.

अशी खोली सुखकर करावयाची तर जुनेच नियम पाळावे लागतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम ओझे. तेव्हा ६० लिटरची टाकी म्हणजे एक मोठा माणूसच बरोबर घेतल्यासारखे होते. ती खाली आणि कण्याजवळ असावी. अंथरुणाखालच्या जागेत कप्पे करावेत. कोकणच्या दमट हवेत कापड ओले राहिल्यास त्यावर बुरशी चढते. म्हणून समोरासमोर जाळीच्या खिडक्या असाव्यात. बंद खोलीत शेगडी पेटविणे तर जिवावरचे आहे. कारण अपुऱ्या हवेत होणाऱ्या ज्वलनातून वासरहित विषारी वायू निर्माण होतो. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत बदल करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन खात्याची मान्यता घ्यावी लागते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा फिरत्या निवासांच्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले.

मोटारीला मान नाही. ओझे अधिक झाले तर ती थबकून मागे वळून पाहत नाही. तिची चाके, तिचे ब्रेक आणि रस्त्यावरचे इतर प्रवासी ते ओझे मुकाट्याने सोसतात. म्हणून जे काम पूर्वी बैलाच्या मानेकडे पाहून आपोआप होत असे, ते आता विचाराने करावे लागते. घर बरोबर न्यावे, पण त्यातले किती न्यावे, हे ठरविल्यावरच गाडी जुंपावी.