अदृश्य लहरींचा वेध घेणारे ग्राफीन

सूक्ष्मतरंग आणि अवरक्त किरण यांच्या दरम्यान विद्युतचुंबकीय लहरींचा एक पट्टा आहे. या लहरींची तरंगलांबी सुमारे ३ मिलिमीटरपासून ३० मायक्रॉनपर्यंत असते. त्यांना टेराहर्ट्झ लहरी म्हणतात. कागद, कापड व प्लास्टिक यांतून त्या पार जातात. पाणी त्यांना शोषून घेते, तर धातू परतवितो. क्ष-किरणांप्रमाणे त्या अणूंचे आयनीकरण करीत नाहीत. त्यामुळे कपड्यांखाली दडविलेले शस्त्र हुडकणे किंवा औषधी गोळीवरील लेपाची जाडी मोजणे, अशा कामांसाठी त्या उपयुक्त ठरतात. मात्र या क्षीण लहरी टिपणारा शोधक तयार करणे सोपे नाही.

एक टेराहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीतील एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. उलट, खोलीच्या तापमानाला असलेली औष्णिक ऊर्जा सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सहापट असते. भर बाजारातील गलबल्यात कुजबुज ऐकू यावी, तसाच हा प्रकार होय. म्हणूनच अतिसंवेदनशील शोधक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागतात. हा खर्च सामान्य रुग्णालयास वा कारखान्यास परवडणारा नाही. शीतकरणाविना चालणारी जुनी साधने आहेत; पण त्यांपैकी बहुतेकांचा प्रतिसाद मंद असतो.

या ठिकाणी ग्राफीनचे महत्त्व लक्षात येते. कार्बनच्या अणूंचा केवळ एका अणूइतका जाड असा हा थर आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टर येथे २००४ मध्ये वेगळा केला. पुढे २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता अत्यल्प असते आणि ते आपली उष्णता अणूंच्या जाळीला सावकाश देतात. साहजिकच थोडीशी लहर शोषली गेली तरी इलेक्ट्रॉन चटकन तापतात. जाळी मात्र थंडच राहते.

या उष्णतेचे विजेत रूपांतर करण्यासाठी ग्राफीनच्या एका भागात इलेक्ट्रॉनांचे व शेजारच्या भागात धन विवरांचे आधिक्य ठेवतात. दोन्ही भागांचा तापविद्युत गुणांक विरुद्ध चिन्हाचा असल्याने संधिस्थान तापताच विद्युतदाब निर्माण होतो. परंतु ३ टेराहर्ट्झ लहरीची लांबी १०० मायक्रॉन, तर संधिस्थान अगदीच चिमुकले! त्यासाठी धातूच्या दोन भुजांचा अँटेना योजतात. भुजांमधील सुमारे १०० नॅनोमीटरच्या फटीत, म्हणजे तरंगलांबीच्या हजाराव्या भागात, लहरीची ऊर्जा एकवटते. याच भुजांना निरनिराळा विद्युतदाब देऊन ग्राफीनमधील संधिस्थानही घडविता येते.

बार्सिलोना परिसरातील प्रकाशविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा रचनेने खोलीच्या तापमानाला एक हर्ट्झ पट्टरुंदीसाठी सुमारे ८० पिकोवॉट इतकी अल्प शक्ती टिपली. एक पिकोवॉट म्हणजे वॉटचा एक लाख कोटीवा भाग! तिचा प्रतिसादकालही अवघा ३० नॅनोसेकंदांच्या आसपास होता.

आता प्रश्न आहे तो निर्दोष ग्राफीन मोठ्या क्षेत्रावर, एकसारखे व स्वस्तात तयार करण्याचा. तो सुटल्यास हेलियमच्या टाक्यांवाचून चालणारी ही सूक्ष्म साधने प्रयोगशाळेबाहेर पडून लोकांच्या उपयोगी पडू शकतील.