चिरंजीव ट्रंपेट मागतात!

मुलाने तबला मागितला तर आईवडील हौसेने घेऊन देतात. पेटी मागितली तर आजोबांची जुनी पेटी माळ्यावरून खाली येते. पण चिरंजीवांनी ट्रंपेट मागितला की घरात एकदम शांतता पसरते! "म्हणजे काय, वरातीत बँड वाजवणार?" हा प्रश्न कोणी विचारो वा न विचारो, तो सर्वांच्या चेहऱ्यावर दिसतो.

लोट्याचेच उदाहरण घ्या. मुंबईहून गोव्याकडे निघाले की खेड सोडल्यावर, परशुराम घाटाच्या अलीकडे हे गाव लागते. आता ते कारखान्यांसाठी ओळखले जाते. तिथल्या एखाद्या गृहस्थांच्या मुलाने हाच हट्ट धरला, तर त्याला काय सांगावे?

पहिली गोष्ट ही, की या वाद्यात बोटांना काम थोडे आणि ओठांना फार. कळा अवघ्या तीन. मधली दाबली की स्वर अर्ध्या पट्टीने उतरतो, पहिलीने एका पट्टीने आणि तिसरीने दीड पट्टीने. परंतु एकही कळ न दाबता निव्वळ ओठांच्या ताणावर कितीतरी स्वर निघतात, आणि खरी विद्या तिथेच आहे. नेहमीचा ट्रंपेट काळी पाचचा असतो, तेव्हा घरच्या पेटीवर काळी पाच धरून ठेवावी आणि मुलाने तिच्याशी आपला एकच स्वर, हळू आवाजात, दम पुरेल तोवर लांबवावा. हे कंटाळवाणे आहे. गवई पहाटे खर्ज लावतात तेही ऐकणाऱ्याला कंटाळवाणेच असते!

ओठ म्हणजे नाजूक स्नायू. सुरुवातीला वीस मिनिटे सकाळी, वीस मिनिटे संध्याकाळी पुरे. जितका वेळ वाजवले तितकीच अधूनमधून विश्रांती हवी. वरचा स्वर निघेना म्हणून मुखनळी ओठांवर दाबायची सवय लागली, की ती पुढे सुटता सुटत नाही. स्वर वर जायचा तो श्वासाच्या जोरावर. म्हणून श्वास पोटापर्यंत घ्यावा. आणि समोरचे पक्के दात आल्याशिवाय सुरुवात करू नये. शेजाऱ्यांची तक्रार आली तर तोंडाशी बसवायचा मूक, म्हणजे आवाज दाबणारे बूच, मिळते. लोट्याच्या मुलाला त्याची गरज नाही. सड्यावर जावे आणि खुशाल वाजवावे.

आता पोटापाण्याचे. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे मुंबईच्या हॉटेलांतून गाजलेले चिक चॉकलेट, ट्रंपेटवरच मोठे झाले, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (1951) संगीतात त्यांचा हात होता. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही ट्रंपेटवादक. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नाव मिळवून त्यांनी पुढे 'आमचें नशीब' (1963) आणि 'निर्मोण' (1966) हे कोकणी चित्रपट काढले. ही गोव्याची मंडळी मुंबईत टिकली ती केवळ फुंकण्याच्या जोरावर नव्हे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणीच स्वरलेखन शिकवले जाई. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि यांनी ती वीस वादकांसाठी कागदावर मांडावी, असा प्रकार होता. आपल्या मुलांचे घोडे इथेच अडते. कानाने ऐकून ती झकास वाजवतात, पण समोर कागद ठेवला की गप्प! तेव्हा पाच रेघांचे स्टाफ नोटेशन पहिल्या महिन्यापासून शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रपटातले ते दिवस मात्र गेले. 1990 नंतर संगणकाने आणि सिंथेसायझरने स्टुडिओतल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या केल्या. लग्नाच्या बँडची मिळकत हंगामी. चातुर्मासात गणपती सोडले तर काम थोडेच. कोकणात त्यातही बेंजोवाल्यांची स्पर्धा. राहिला तो गणवेश. महाराष्ट्र पोलिसांत बँडपथकाची भरती होते. नौदलाचे वादक मुंबईत 'कुंजाली' येथे तयार होतात, तर लष्कराच्या संगीतशिक्षणाचे ठिकाण मध्य प्रदेशात पचमढीला आहे. महिन्याचा पगार, रोजचा सराव आणि वादक म्हणून मान, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा मला दुसरी दिसत नाही. पण तिथे धावणेही आलेच, म्हणून सड्यावर जाताना मुलाने पळतच जावे हे बरे! दहावी-बारावी सोडून मात्र या नादी लागू नये. भरतीला तेही लागते.

पहिले वाद्य जुने घेतले तरी चालेल. घेताना तिन्ही कळा दाबून सोडाव्यात. त्या अडखळत वर आल्या तर सौदा करू नये. कोकणच्या दमट हवेत पितळ लवकर काळवंडते. वाजवून झाल्यावर नळीतले पाणी काढून फडक्याने पुसावे आणि कळांना त्यांचेच पातळ तेल द्यावे. घरात आहे म्हणून खोबरेल घालाल, तर पौषातल्या थंडीत ते थिजेल आणि कळा जागच्या जागी बसतील.