बालमधुमेहाची वंशावळ

लहान मुलाच्या रक्तात साखर वाढलेली आढळली की पहिल्या प्रकारचा मधुमेह गृहीत धरून इन्सुलिन सुरू करावयाचे, ही वैद्यकातील रूढ वहिवाट होय. आणि ज्यांच्या स्वादुपिंडातील बीटा पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेने नष्ट केलेल्या असतात, अशा बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ती रास्तही आहे. तथापि काही थोड्या मुलांत रोगाचे मूळ एकाच जनुकाच्या दोषात असते, आणि तेथे सरसकट इलाजाने चालत नाही.

सलग पिढ्यांत, तरुण वयात उद्भवणारा आणि तरीही इन्सुलिनवाचून निभणारा सौम्य मधुमेह रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली काही कुटुंबांत नोंदवला. ‘मोडी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटात सदोष जनुक मातापित्यांपैकी एकाकडून आले तरी पुरते. म्हणून प्रत्येक अपत्याला ते मिळण्याचा संभव निम्मा. त्यांतील ग्लुकोकायनेज जनुकाच्या दोषात, ज्याचा उलगडा १९९२ मध्ये झाला, उपाशीपोटीची साखर जन्मभर दर डेसिलिटरला सुमारे १०० ते १५० मिलिग्रॅम अशी स्थिर राहते व बहुधा औषधही लागत नाही. उलट एचएनएफ-१ए जनुकाच्या दोषात ती वयानुसार चढत जाते, परंतु सल्फोनिलयुरिया वर्गाच्या गोळ्यांच्या अल्प मात्रेलाही दाद देते.

सर्वांत विलक्षण कथा नवजात अर्भकांची. साखर वाढली की बीटा पेशीच्या आवरणावरील पोटॅशियमचे द्वार मिटावे आणि त्यामुळे इन्सुलिन स्रवावे, हा निसर्गक्रम. हे द्वार घडवणाऱ्या केसीएनजे११ जनुकातील दोषामुळे ते उघडेच राहते, असे एक्झेटर येथील अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. तेच द्वार मिटवणाऱ्या जुन्या, स्वस्त सल्फोनिलयुरिया गोळ्या दिल्या तेव्हा, २००६ च्या अहवालानुसार, ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन सुटले.

म्हणून वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या प्रत्येक बालकाची जनुकीय तपासणी व्हावी, असा आज दंडक आहे. त्यापुढील वयात बीटा पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचा अभाव, निदानानंतर कित्येक वर्षांनीही सी-पेप्टाइडच्या चाचणीत दिसणारे स्वतःचे इन्सुलिन आणि घराण्याचा इतिहास यांवरून जनुकीय दोषाचा संशय बळावतो. बहिरेपणा व रक्तक्षय सोबत असल्यास थायमिन या जीवनसत्त्वाने सुधारणारा विकार, तर दृष्टिनाड्या क्षीण होत असल्यास वोल्फ्रॅम विकार मनात आणावा लागतो. हे दोन्ही विकार बहुधा दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यासच प्रकटतात. मामेबहीण-आतेभाऊ विवाहांची चाल जेथे अद्याप टिकून आहे, त्या महाराष्ट्राच्या आणि दक्षिणेच्या भागांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय बालकांतील अशा दोषांचा अभ्यास केलेला आहे.

इन्सुलिन थांबवण्याचा फैसला मात्र तपासणीच्या निकालानंतर, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा. कारण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तो प्राणावर बेतेल. जनुकीय तपासणी महाग असते, पण रोग कोणत्या महिन्यात सुरू झाला आणि घरात आणखी कोणाला आहे, हे विचारण्यास पैसा पडत नाही. आणि या दोन प्रश्नांची उत्तरे केसपेपरावर नीट उतरली नाहीत, तर त्या महाग तपासणीची पाळी बहुधा येतच नाही.