वसंत, बंदिश आणि देवासचे घर



फाल्गुन लागला की आपल्या अशोका गार्डनमध्येही वसंताची चाहूल लागते. कुणाच्या अंगणातला आंबा मोहरतो, पहाटे कोकीळ साद घालू लागतो, आणि नेमकी तेव्हाच आपली वार्षिक परीक्षा जवळ येते. अशा दिवसांत एखादा संगीतकार काय करत असेल? झाडाखाली बसतो आणि गाणे आपोआप सुचते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. भोपाळहून सीहोर, आष्टा, सोनकच्छ करत दीडशे किलोमीटरवर देवास आहे. तिथे पंडित कुमार गंधर्व यांनी आपले जवळजवळ दोन-तृतीयांश आयुष्य काढले.

कुमारजींचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावचा. घरची भाषा कन्नड. लहान वयातच गाण्यासाठी नाव झाले आणि मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे रीतसर शिक्षण झाले. पण ऐन तारुण्यात त्यांना क्षयरोगाने गाठले. कोरड्या हवेत राहावे म्हणून जानेवारी १९४८ मध्ये ते पत्नी भानुमतीताईंसह देवासला आले. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे संस्थानी गाव, त्यामुळे मराठी माणसांची वस्ती जुनी होती.

डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. ज्याचे सगळे आयुष्य गाण्यात, त्याने वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून राहायचे आणि गुणगुणायचेही नाही! भानुमतीताई शाळेत शिकवून घर चालवत आणि त्यांची शुश्रूषाही करत. या काळात कुमारजींजवळ एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे कान. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षा मागणाऱ्यांची भजने, सणावारी शेजारपाजारी म्हटली जाणारी माळवी गीते ते लक्ष देऊन ऐकत. पुढे अशी लोकगीते त्यांनी जमवली आणि त्यांचे स्वर लिहून ठेवले.

ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. लोकगीताची धून बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते, पण त्या स्वरांचे आपसातले नाते पक्के असते. कोणत्या स्वरावर थांबायचे आणि कुठून वळायचे, हे गाणाऱ्या बाईला कुणी शिकवलेले नसते, तरी ती चुकत नाही. राग अशाच धुनांतून जन्मले असावेत, असा विचार त्यांनी मांडला. धुनेचा स्वभाव न मोडता ती वर-खाली वाढवून त्यांनी नवे राग बांधले. मालवती, संजारी, लगनगंधार ही त्यांतली काही नावे. अशा रागांना ते ‘धुनउगम’ राग म्हणत.

आता वसंताकडे वळू. पंचांगात वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख. गाण्यातला वसंत मात्र माघातल्या वसंत पंचमीलाच सुरू होतो आणि होळी, रंगपंचमीपर्यंत रंगत जातो. एरवी रागांना दिवसाच्या वेळा ठरलेल्या असतात. बसंत हा राग रात्रीच्या शेवटच्या प्रहरातला. पण वसंत ऋतूत बसंत आणि बहार केव्हाही गाता येतात. बसंतात रिषभ आणि धैवत कोमल असतात, मध्यम दोन्ही लागतात, आणि सगळी ओढ वरच्या षड्‌जाकडे असते. बहारमध्ये गंधार कोमल, निषाद दोन्ही, आणि चाल खेळकर. बहार इतका मनमिळाऊ की बसंत-बहार, भैरव-बहार, बागेश्री-बहार असे जोडरागही झाले.

या रागात बंदिश बांधायची म्हणजे काय? बंदिश हे छोटेसे गीत. त्याचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा. पहिल्या ओळीचा मुखडा असा हवा की दोन-चार स्वरांतच राग ओळखता यावा, आणि तालाच्या समेवर तो सहज येऊन मिळावा. तीनतालाच्या सोळा मात्रांत शब्द कोंबून चालत नाही. पळसाचे वर्णन केले म्हणून बंदिश वसंताची होत नाही. फुलण्याची ती लगबग स्वरांत आणि लयीतही दिसावी लागते. कुमारजींच्या अनेक बंदिशींत माळवी बोलीचे शब्द येतात, कारण ती बोली त्यांच्या रोजच्या कानावरची होती. त्यांच्या बंदिशींचे ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ हे ऋतूंवरचे कार्यक्रमही त्यांनी केले.

उपचारांनी बरे होऊन १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले होते. लांब दमसासाची गायकी शक्य नव्हती. छोट्या, चपळ तानांची आणि मधल्या शांततेचीही गायकी त्यांनी घडवली. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ हे त्यांचे घर. तिथे बाग होती, झोपाळा होता, आणि तानपुरे मनासारखे जुळेपर्यंत गाणे सुरू होत नसे. भानुमतीताई १९६१ मध्ये गेल्या. पुढे वसुंधराताईंनी त्यांना संसारात आणि गाण्यातही साथ दिली. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारजींचे निधन झाले.

पालकहो, आपली मुले मराठीत हिंदी मिसळतात अशी काळजी आपल्याला वाटते, आणि ती खोटी नाही. पण कन्नड घरात जन्मलेल्या या गायकाने माळव्याची बोली आपली केली आणि ‘तुकाराम : एक दर्शन’सारखा कार्यक्रमही तितक्याच आत्मीयतेने केला. शेजारची भाषा मन लावून ऐकल्याने आपली भाषा पुसली जात नाही. ती पुसली जाते ती घरात न बोलल्याने, न गायल्याने.

चैत्र शुद्ध तृतीयेला आपल्या घरी चैत्रगौर बसते, आणि त्याच दिवशी माळवा-निमाडात गणगौर पूजतात. मुलांनो, या वर्षी परीक्षा संपली की एक काम करा. आजीला चैत्रगौरीचे एक गाणे विचारा, शेजारच्या काकूंना गणगौरीचे एक. दोन्ही वहीत उतरवून घ्या आणि चाल पाठ करा. ही गाणी फारशी कुठे छापलेली नसतात. म्हणणारी माणसे आहेत तोवरच ती ऐकायला मिळतील.